थांबवलेले पॅकेज: लिनक्स सर्व्हरवरील ‘होल्ड’चा इतिहास

१. प्रस्तावना

लिनक्स सर्व्हर सांभाळायला लागलात की तुम्हाला दोन सल्ले हमखास मिळतील. पहिला, सगळी पॅकेजे वेळच्या वेळी अद्ययावत ठेवा. दुसरा, नीट चालणाऱ्या यंत्रणेला उगाच हात लावू नका. दोन्ही सल्ले अनुभवी माणसेच देतात आणि दोन्ही खरे आहेत. अडचण एवढीच की ते एकाच वेळी पाळता येत नाहीत.

समजा, तुमच्या महाविद्यालयाची प्रात्यक्षिक परीक्षा सोमवारी आहे. परीक्षेची प्रणाली एका विशिष्ट डेटाबेसच्या विशिष्ट आवृत्तीवर तपासून घेतलेली आहे. रविवारी रात्री सर्व्हरने आपणहून अपग्रेड केले आणि डेटाबेसची नवी आवृत्ती बसली. नवी आवृत्ती चांगलीच असेल, पण तुमची प्रणाली तिच्यावर कोणी चालवून पाहिलेली नाही. अशा वेळी सर्व्हरला सांगावे लागते, ‘बाकी सगळे अद्ययावत कर, पण हे एक पॅकेज आहे तिथेच राहू दे.’ हे सांगण्याची सोय लिनक्समध्ये आहे. डेबियन कुळात तिला ‘होल्ड’ म्हणतात, इतरत्र ‘लॉक’ किंवा ‘एक्स्क्लूड’.

आज्ञा लक्षात ठेवायला पाच मिनिटे पुरतात. पण ही सोय का निर्माण झाली, ती कशी बदलत गेली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे समजायला इतिहास पाहावा लागतो. या पाठात आपण तोच पाहणार आहोत.

२. हाताने बांधणीचा काळ

सुरुवातीला एक साधी गोष्ट लक्षात घ्या. ज्या काळी प्रशासक सॉफ्टवेअरचा मूळ कोड आणून स्वतः कंपाइल करत असे, त्या काळी ‘अपग्रेड थांबवणे’ हा प्रश्नच नव्हता. नवी आवृत्ती तुम्ही स्वतः बांधली तरच ती बसायची, नाही बांधली तर जुनीच चालायची. थांबून राहणे ही मूळ स्थिती होती आणि पुढे जायला कष्ट पडत.

१९९३ साली लिनक्सची दोन वितरणे सुरू झाली, जी आजही जिवंत आहेत. जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर आणि ऑगस्टमध्ये इयन मर्डॉक यांनी जाहीर केलेले डेबियन. डेबियनचा पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी. १९९४ मध्ये इयन जॅक्सन यांनी तो सी भाषेत नव्याने लिहिला. १९९५ मध्ये रेड हॅटचा आरपीएम आला. तो एरिक ट्रोन आणि मार्क युइंग यांनी घडवला. यंत्रावर कोणते पॅकेज आहे, कोणत्या आवृत्तीचे आहे आणि त्याला दुसरे काय लागते, याची नोंद आता यंत्रच ठेवू लागले.

इथे परिस्थिती उलटली. पुढे जाणे सोपे झाले आणि थांबून राहण्यासाठी वेगळी सूचना देण्याची गरज पडू लागली. आपल्या विषयाचा उगम या उलटापालटीत आहे.

३. डीपीकेजीमधला ‘होल्ड’

डीपीकेजी प्रत्येक पॅकेजबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवतो. एक, त्या पॅकेजची सध्याची अवस्था. दोन, प्रशासकाची इच्छा. या इच्छेला ‘सिलेक्शन’ म्हणतात. बसव, काढून टाक, सेटिंगसकट पुसून टाक, या इच्छांच्या जोडीला आणखी एक इच्छा नोंदवता येते, ती म्हणजे ‘होल्ड’. हे पॅकेज आपोआप बदलू नये आणि आपोआप काढलेही जाऊ नये, असा तिचा अर्थ. ‘आपोआप’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रशासकाने मुद्दाम, स्पष्टपणे आज्ञा दिली तर होल्ड ओलांडता येतो. म्हणजे होल्ड हा यंत्रासाठी दिलेला निरोप आहे. माणसावर त्याचे बंधन नाही.

डीसिलेक्ट नावाच्या जुन्या पडद्यावर हा होल्ड लावायला बरोबरचे चिन्ह दाबत. पडदा न उघडता काम करायचे असेल तर पॅकेजचे नाव आणि ‘होल्ड’ हा शब्द एका ओळीत लिहून ती ओळ डीपीकेजीच्या ‘सेट-सिलेक्शन्स’ या पर्यायाकडे पाठवावी लागे. ही युक्ती एका पिढीने तोंडपाठ केली होती.

या सोयीची गरज किती खरी होती, हे सी लायब्ररीच्या बदलावरून कळते. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम सी लायब्ररीवर उभा असतो. रेड हॅट ५.० हे १९९७ च्या अखेरीस आणि डेबियन २.० हे जुलै १९९८ मध्ये जुन्या लिबसी-५ वरून नव्या ग्लिबसीवर गेले. पाया बदलताना वरच्या मजल्यांवरची माणसे खाली उतरवता येत नव्हती, म्हणून जुनी आणि नवी लायब्ररी काही काळ एकत्र ठेवावी लागली. कोणते पॅकेज कधी हलवायचे, हा निर्णय काही काळ माणसाच्या हातात राहणे त्या वेळी आवश्यक होते.

४. एपीटी आणि पिनिंग

मार्च १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर एपीटी सर्वांच्या हाती आला. भांडारातून पॅकेज शोधणे, त्याला लागणारी इतर पॅकेजे ओळखणे आणि सगळी एकत्र आणणे, हे एका आज्ञेत होऊ लागले. आता एका ओळीत शेकडो पॅकेजे बदलता येत होती. सोय वाढली तसा धोकाही वाढला.

डिसेंबर २००० मध्ये डेबियनने ‘स्टेबल’ आणि ‘अनस्टेबल’ यांच्या मध्ये ‘टेस्टिंग’ ही तिसरी शाखा सुरू केली. मग लोकांना वाटू लागले की बहुतेक यंत्र स्टेबलवर ठेवावे आणि एक-दोन पॅकेजे तेवढी टेस्टिंगमधून घ्यावीत. त्यासाठी ‘पिनिंग’ आले. जुलै २००२ च्या डेबियन ३.० पासून ते सर्रास वापरले जाऊ लागले.

होल्ड आणि पिनिंग यांतला फरक नीट समजून घ्या. होल्ड म्हणतो, ‘आहे तिथेच थांब.’ पिनिंग प्रत्येक आवृत्तीला किंवा भांडाराला प्राधान्याचा अंक देते. नेहमीच्या भांडारातल्या आवृत्तीला ५००, आधीच बसलेल्या आवृत्तीला १००. अंक हजाराच्या वर दिला तर एपीटी मागच्या आवृत्तीवर परत जायलाही तयार होतो. अंक ऋण दिला तर ती आवृत्ती कधीच बसत नाही. म्हणून ‘पाचव्या मालिकेतल्या दुरुस्त्या घे, पण सहाव्या मालिकेत जाऊ नकोस’ असे बारीक वाक्य पिनिंगने लिहिता येते. होल्डने ते लिहिता येत नाही.

मधल्या काळात गोंधळही होता. ॲप्टिट्यूड नावाचे दुसरे साधन आपले होल्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवत असे, आणि एपीटी-गेट ती वही वाचत नसे. एका साधनाने थांबवलेले पॅकेज दुसऱ्या साधनाने पुढे नेले, असे घडू शकत होते. ‘एपीटी-मार्क होल्ड’ ही आज्ञा २०१३ च्या डेबियन ७ मधून सर्वांपर्यंत पोहोचली आणि ‘सेट-सिलेक्शन्स’ची कसरत संपली. होल्ड काढायला ‘अनहोल्ड’ आणि यादी पाहायला ‘शोहोल्ड’. आज तुम्ही ज्या तीन आज्ञा शिकता, त्यांच्यामागे जवळजवळ वीस वर्षे आहेत.

आणखी एक बारकावा परीक्षेतही विचारला जातो. अपग्रेड करताना एपीटी कधी कधी काही पॅकेजे ‘मागे ठेवली’ असे सांगतो. याचा अर्थ तुम्ही होल्ड लावला होता असा दरवेळी नसतो. नवी आवृत्ती बसवायला आणखी एखादे पॅकेज घालावे किंवा काढावे लागत असेल, तर साधी अपग्रेड आज्ञा जपून वागते आणि ते पॅकेज तसेच सोडते. तुमचा निर्णय आणि यंत्राची सावधगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

५. आरपीएम कुळातली वाट

रेड हॅटच्या बाजूला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत सुटला. तिथल्या अप-टू-डेट या साधनात ‘वगळायच्या पॅकेजांची यादी’ असे आणि त्या यादीत कर्नल मुळातच लिहिलेला असे. म्हणजे कर्नल आपोआप बदलू नये, हे बनवणाऱ्यांनीच गृहीत धरले होते. ड्यूक विद्यापीठात सेठ विडाल आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला यम २००७ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ५ मध्ये त्याच्या जागी आला. यमच्या सेटिंगमध्ये ‘एक्स्क्लूड’ ही ओळ होती, आणि अचूक आवृत्ती बांधून ठेवायला ‘व्हर्जनलॉक’ नावाचे प्लगइन होते. तीच रीत पुढे डीएनएफमध्ये आली.

कर्नलबाबत मात्र या कुळाने शहाणा मार्ग काढला. नवा कर्नल जुन्याच्या जागी न बसवता शेजारी बसवायचा आणि दोन-तीन कर्नल राखून ठेवायचे. नवा चालला नाही, तर यंत्र सुरू होताना जुना निवडायचा. थांबवण्यापेक्षा परतीची वाट मोकळी ठेवणे कधी कधी अधिक सुरक्षित असते, हे इथून शिकण्यासारखे आहे.

सुसे लिनक्समधल्या यास्टने दोन वेगळे अर्थ वेगळे ठेवले. ‘प्रोटेक्टेड’ म्हणजे बसलेले पॅकेज, जे बदलायचे नाही. ‘टॅबू’ म्हणजे न बसलेले पॅकेज, जे कधीच बसवायचे नाही. पुढे झिपरमध्ये ‘ॲडलॉक’ ही आज्ञा आली.

६. कावेरीकाठचे लिनक्स

आता हा इतिहास आपल्या देशात आणू. तंजावर जिल्ह्यातील कावेरी त्रिभुज प्रदेशातल्या गावांपर्यंत लिनक्स पोहोचले ते दोन सरकारी निर्णयांमधून.

पहिला निर्णय एल्कॉटचा, म्हणजे तमिळनाडूच्या इलेक्ट्रॉनिक्स महामंडळाचा. २००६-०७ च्या सुमारास सी. उमाशंकर हे व्यवस्थापकीय संचालक असताना एल्कॉटने आपल्या कामासाठी आणि शाळांना द्यायच्या संगणकांसाठी सुसे लिनक्स स्वीकारले. दुसरा निर्णय सप्टेंबर २०११ मध्ये सुरू झालेल्या मोफत लॅपटॉप योजनेचा. सरकारी आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना मिळालेल्या सुरुवातीच्या लॅपटॉपांवर विंडोजबरोबर बॉस लिनक्सही होते. बॉस हे सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने डेबियनवर उभारलेले भारतीय वितरण. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे, हे मराठी वाचकांना ठाऊक असेलच. बॉस डेबियनवर आधारलेले असल्यामुळे वर सांगितलेला होल्ड आणि पिनिंग त्यावर जसेच्या तसे चालतात.

या गावांच्या संदर्भात एक प्रश्न स्वतःला विचारा. ज्या घरात इंटरनेट नाही किंवा अधूनमधूनच मिळते, त्या घरातला लॅपटॉप कोणी थांबवला? कोणीच नाही. तरी तो थांबलेला असतो. भांडारापर्यंत पोहोचता येत नसेल, तर यंत्रावरचे प्रत्येक पॅकेज न सांगता होल्डवर गेल्यासारखेच असते. याला आपण ‘नकळत होल्ड’ म्हणू. जाणूनबुजून लावलेल्या होल्डमागे कारण असते, तारीख असते, जबाबदार माणूस असतो. नकळत होल्डमागे यांतले काहीच नसते. शिवाय डेबियनची एक आवृत्ती ओलांडून थेट पुढच्या-पुढच्या आवृत्तीवर जाण्याचा मार्ग अधिकृत नाही, एकेक पायरी चढावी लागते. जितके जास्त दिवस थांबाल, तितक्या जास्त पायऱ्या साचतात.

दुसरा प्रश्न विजेचा. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि त्रिभुज प्रदेशात अनेक ठिकाणी वीज दीर्घकाळ गेली. वादळ हे टोकाचे उदाहरण झाले, पण अपग्रेड चालू असताना वीज जाणे ही कुठल्याही गावातली साधी गोष्ट आहे. डीपीकेजी अशा वेळी पॅकेज ‘अर्धवट’ अवस्थेत सोडतो आणि नंतर राहिलेली मांडणी पूर्ण करण्याची आज्ञा द्यावी लागते. जिथे वीज भरवशाची नाही, तिथे अपग्रेड केव्हा व्हावे हे माणसाने ठरवणे हा व्यवहार आहे. त्याला आळस म्हणू नका.

आणि वेळ ठरवण्याची ही कला या गावांना नवी नाही. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून, साठा पुरेसा असेल त्या वर्षी, १२ जूनला पाणी सोडायचे आणि २८ जानेवारीला बंद करायचे अशी इथली रीत आहे. मधले साडेचार महिने कालवे कोरडे असतात. गाळ काढायचा, बांध सावरायचे, दरवाजे दुरुस्त करायचे ते याच काळात, कारण वाहत्या पाण्यात कालवा खणता येत नाही. सर्व्हरच्या भाषेत याला देखभालीची ठरलेली वेळ म्हणतात. पण याची दुसरी बाजूही या गावांना माहीत आहे. पाणी बंद ठेवले आणि गाळ काढलाच नाही, तर जूनमध्ये दरवाजे उघडूनही कालव्याच्या शेपटाकडच्या गावांत पाणी पोहोचत नाही. थांबवण्याचा उपयोग थांबलेल्या काळात काम केले तरच होतो. होल्डचेही नेमके तसेच आहे.

७. थांबण्याची किंमत आणि थांबण्याचा लाभ

७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी जाहीर झाली. १.०.१ पासून १.०.१-एफ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये ती होती. सर्व्हरच्या स्मृतीतले तुकडे दूरच्या माणसाला वाचता येत होते आणि त्या तुकड्यांत पासवर्ड किंवा गुप्त किल्लीही असू शकत होती. डेबियन ७ वर कोणी ओपनएसएसएलला होल्ड लावून ठेवला असेल, तर दुरुस्ती प्रसिद्ध होऊनही त्याचे यंत्र उघडेच राहिले. हा होल्डचा तोटा.

आता उलट बाजू पाहा. डेबियन ६ आणि रेड हॅट एंटरप्राइज ५ वर ओपनएसएसएलची ०.९.८ ही जुनी मालिका होती. तिच्यात तो दोष नव्हताच, कारण दोष ज्या नव्या सोयीतून आला ती सोयच तिथे पोहोचली नव्हती. जुने राहिल्यामुळे ती यंत्रे वाचली.

त्याच घटनेतली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. डेबियन ७ ने दिलेल्या दुरुस्त पॅकेजचा मूळ आवृत्ती क्रमांक १.०.१-ई हाच राहिला. बदलला तो फक्त डेबियनने मागे जोडलेला क्रमांक. डेबियन, रेड हॅट यांची स्थिर वितरणे नवी सोय न घेता फक्त सुरक्षा दुरुस्ती जुन्या कोडमध्ये आणून बसवतात. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. म्हणजे स्थिर वितरण हा स्वतःच एक मोठा, विचारपूर्वक लावलेला होल्ड आहे. वैशिष्ट्ये थांबवलेली, दुरुस्त्या चालू. तुम्ही त्याच्यावर स्वतःचा होल्ड लावता तेव्हा त्या दुरुस्त्याही थांबवता. अनेकांच्या लक्षात न येणारी बाब हीच.

दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या साधनात कोणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघड केला. एसएसएचने आत शिरायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या शंकेवरून त्यांनी शोध घेतला होता. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या दूषित होत्या. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत त्या पोहोचल्या होत्या, स्टेबलमध्ये नव्हत्या. घाईने पुढे गेलेले अडकले, थांबलेले वाचले.

या घटनेत एक मौजही आहे. डेबियनला मागच्या आवृत्तीवर यायचे होते, पण पॅकेज व्यवस्थापक तर मोठ्या क्रमांकालाच नवे मानतो. मग त्यांनी नव्या पॅकेजला ‘५.६.१+रिअली५.४.५’ असा क्रमांक दिला. नाव मोठ्या आवृत्तीचे, आतला कोड जुन्या आवृत्तीचा. पुढे जाण्यासाठी घडवलेल्या यंत्रणेला मागे वळवायला किती खटपट करावी लागते, ते या एका क्रमांकात दिसते.

या दोन घटनांतून ‘थांबणे चांगले’ किंवा ‘पुढे जाणे चांगले’ असा सरसकट नियम निघत नाही. निघतो तो एवढाच की निर्णय पॅकेजागणिक घ्यावा लागतो आणि तो पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. कुबरनेटीसचे अधिकृत मार्गदर्शन याचे चांगले उदाहरण आहे. क्युबलेट, क्युबॲडम आणि क्युबसीटीएल या तिन्हींना होल्ड लावायला ते सांगते, कारण क्लस्टरच्या वेगवेगळ्या भागांच्या आवृत्त्या ठरलेल्या अंतरातच असाव्या लागतात. पण तेच मार्गदर्शन अपग्रेडची क्रमवार कृतीही देते. त्यात होल्ड काढायचा, पॅकेज पुढे न्यायचे आणि पुन्हा होल्ड लावायचा. तिथे होल्ड कायमचा नाही, तो दोन नियोजित अपग्रेडच्या मधला विसावा आहे.

८. कारण लिहून ठेवा

डीपीकेजीच्या नोंदीत ‘होल्ड’ हा एकच शब्द मावतो. तो का लावला, कोणी लावला, केव्हा काढायचा, हे लिहायला तिथे जागा नाही. तीस वर्षांच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे. लावणारा माणूस नोकरी सोडून जातो, होल्ड मागे राहतो आणि नंतर आलेला प्रशासक भीतीपोटी तो काढत नाही.

तंजावरमध्येच याला समांतर अशी एक गोष्ट आहे. इथे १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजांपासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. त्या काळातला मोठा मोडी दफ्तरसाठा आज तंजावरात जपलेला आहे. कागद टिकले, पण मोडी वाचणारे मात्र फार थोडे उरले. वस्तू जशीच्या तशी राखली म्हणजे तिचा अर्थ राखला जातो असे नाही, त्यासाठी वाचणारा आणि समजावणारा माणूसही राखावा लागतो. सर्व्हरवरचा जुना होल्ड हा असाच न वाचता येणारा कागद होऊन बसतो.

म्हणून पुढील पद्धत अंगवळणी पाडा.

• होल्ड लावताना पॅकेज, आवृत्ती, कारण, तारीख आणि पुन्हा तपासण्याचा दिवस एका फाइलमध्ये लिहा.
• नेमकी आवृत्ती-मालिका रोखायची असेल तर होल्डऐवजी पिनिंग वापरा, म्हणजे त्या मालिकेतल्या सुरक्षा दुरुस्त्या येत राहतील.
• दर महिन्याला थांबवलेल्या पॅकेजांची यादी काढा आणि वितरणाच्या सुरक्षा सूचनांशी ताडून पाहा.
• थांबलेल्या काळात वेगळ्या यंत्रावर नवी आवृत्ती चालवून पाहा. चाचणी झाली की होल्ड काढा.

९. सारांश

पॅकेज व्यवस्थापक येण्यापूर्वी थांबून राहणे ही मूळ स्थिती होती. त्यांच्यामुळे पुढे जाणे आपोआप होऊ लागले आणि थांबण्यासाठी होल्ड, पिनिंग, एक्स्क्लूड, लॉक अशी साधने घडवावी लागली. या साधनांनी बदलाची वेळ ठरवण्याचा अधिकार माणसाकडे ठेवला. तो अधिकार वापरणाऱ्याने सुरक्षेची जबाबदारीही घेतलेली असते, कारण त्या पॅकेजची दुरुस्ती आता आपोआप येणार नसते.

स्वाध्याय

१. होल्ड आणि पिनिंग यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. हार्टब्लीड प्रकरणात केवळ मूळ आवृत्ती क्रमांक पाहून डेबियन ७ चे यंत्र सुरक्षित आहे की नाही हे का ठरवता येत नव्हते?
३. ‘नकळत होल्ड’ म्हणजे काय? तुमच्या गावातील किंवा महाविद्यालयातील एका संगणकाबाबत तो आहे का, हे तपासून अर्धे पान लिहा.
४. तुमच्या प्रयोगशाळेतील लिनक्स यंत्रावर थांबवलेल्या पॅकेजांची यादी काढा. प्रत्येक होल्डचे कारण सांगू शकणारी व्यक्ती शोधा. कारण सापडले नाही तर तुम्ही काय कराल आणि कोणत्या क्रमाने, ते लिहा.